नवरा-बायको दोघांनी क्रूझवर नोकरीला जायचंय? मग हे आधी वाचा

गोव्यात बोटीवर जाणं यात काही नवल नाही, सासष्टी-बार्देशात अशी घरं आहेत जिथे आजोबा तारवटी म्हणजे बोटीवरचे खलाशी, बाप तारवटी आणि मुलगाही तारवटी. फक्त आधी पुरुष जायचा आणि बायको घर, सासू-सासरे, भाट म्हणजे माडांची बाग, सगळं सांभाळायची. आता फोंडा, डिचोली, पेडणे इकडची पोरं-पोरी हॉटेल मॅनेजमेंट करतात, कळंगूट-कांदोळीच्या हॉटेलांत दोन-चार वर्षं राबतात, तिथेच लग्न जमतं आणि मग दोघांच्या डोक्यात एकच, की क्रूझवर जाऊया, डॉलरमधे पगार, जगही बघून होईल आणि एकमेकांपासून लांबही राहायला नको. मी हाउसकीपिंगला आणि नवरा गॅलीत, म्हणजे बोटीच्या किचनमधे, असं आमचं चालू आहे म्हणून जत्रेत कोणी भेटलं की देवदर्शन राहतं बाजूला आणि हेच प्रश्न सुरू होतात. तर एकदाच नीट लिहून काढते.

आधीच सांगते, काम जमतं. हॉटेलात केलेलं असलं की बेड लावणं आणि कांदा चिरणं कुठेही तेच, फक्त इथे खालची जमीन हलते. खरी कटकट आहे ती दोघांच्या तारखा जुळवण्याची. एकाच बोटीवर मिळणं, साधारण एकाच वेळी चढणं-उतरणं, आणि वर असताना दोघांची मोकळी वेळ एकत्र पडणं. त्यामुळे खाली जे काही सांगतेय त्यात प्रत्येक पायरीला "दोघांचं एकत्र कसं बसेल" हा प्रश्न धरून चला.

आधी दाखला आणि नावं, मग बाकी सगळं

दोघांना एक केबिन हवी असेल तर कंपनी लग्नाचा दाखला मागते. देवळात लग्न लागलं, हॉल झाला, फोटो इन्स्टावर चढले, याला तिथे काही किंमत नाही. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा सही असते हे माहीत आहेच, पहिली सही करून ठेवली आणि दुसरी राहून गेली अशी जोडपी मला खरोखर भेटली आहेत. ती सही पूर्ण करा, दाखल्याच्या दोन-तीन कॉपी काढा आणि स्कॅन करून दोघांच्या मेलमधे ठेवा.

बायकांसाठी एक वेगळं. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हे पासपोर्टच्या आधी ठरवा. पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि सर्टिफिकेटवर तिसरंच स्पेलिंग असं झालं की पुढे प्रत्येक टेबलावर अडकता. माझं मत विचाराल तर पासपोर्ट जुन्या नावाने असेल तर तसाच राहू द्या, लग्नाच्या दाखल्यावर दोघांची नावं असतातच आणि केबिनसाठी तेवढं पुरतं.

इंडोस, कोर्स, सीडीसी

क्रम असा. आधी इंडोस नंबर काढायचा, हा खलाशांचा देशपातळीवरचा नंबर आहे, डीजी शिपिंग, म्हणजे केंद्र सरकारचं जहाजांचं खातं, त्यांच्या साइटवरून ऑनलाइन अर्ज होतो. मग एसटीसीडब्ल्यू, म्हणजे खलाशांच्या ट्रेनिंगचे आंतरराष्ट्रीय नियम, त्यातले बेसिक सेफ्टी कोर्स. यात चार भाग असतात, पाण्यात जीव वाचवणं, आग विझवणं, प्रथमोपचार, आणि बोटीवरची सुरक्षा आणि वागणूक, आणि त्यासोबत सिक्युरिटीचा एक छोटा कोर्स. पॅसेंजर बोटीसाठी गर्दी सांभाळण्याचं वेगळं ट्रेनिंगही लागतं. हे सगळं करायला मुंबईला जायची गरज नाही, वास्कोजवळ चिखलीला नुसीची, म्हणजे खलाशांच्या युनियनची, मरीटाईम अकादमी आहे, कुठले कोर्स कधी आहेत ते विचारून घ्या. दोघांनी एकाच बॅचला नाव घाला, पुढे सर्टिफिकेटं एकाच वेळी संपतात आणि रिन्यूही एकाच वेळी होतात. पाण्याचं आणि आगीचं ट्रेनिंग दर पाच वर्षांनी रिफ्रेश करावं लागतं म्हणून हे म्हणतेय.

पोहता येत नाही म्हणून बऱ्याच मुली घाबरतात. पूलमधे लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायची असते, एका हाताने नाक-तोंड दाबायचं, दुसऱ्या हाताने जॅकेट खाली खेचून धरायचं, नजर सरळ समोर, खाली बघायचं नाही, आणि पाऊल पुढे टाकायचं. जॅकेट तुम्हाला वर आणतंच. जॅकेट धरून नाही ठेवलं तर ते हनुवटीवर आपटतं, तेवढं सांभाळा. उलटी झालेली लाइफराफ्ट सरळ करणं मात्र जड जातं, ती अंगावर पडते आणि क्षणभर अंधार होतो, तेव्हा घाबरून जागच्या जागी हातपाय न मारता पाठीवर होऊन हाताने तिला ढकलत बाजूला सरकायचं.

कोर्स झाले की सीडीसी, म्हणजे खलाशाचं पुस्तक. अर्ज ऑनलाइन, शिपिंग मास्टरचं ऑफिस मुंबईला. सीडीसी दहा वर्षं चालतं. मेडिकल डीजी शिपिंगने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडूनच करायचं, गावातल्या डॉक्टरचा कागद चालत नाही, आणि ते जास्तीत जास्त दोन वर्षं चालतं.

एजंट

इथे जरा थांबते कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात.

भारतातून खलाशी भरती करायला एजन्सीकडे आरपीएसएल लायसन्स लागतं. डीजी शिपिंगच्या साइटवर लायसन्सवाल्यांची यादी आहे, नाव टाकून बघा, पत्ता जुळतो का बघा, लायसन्सची मुदत बघा. यादीत नाव नाही म्हणजे विषय संपला, मग तो तुमच्या मावसभावाचा मित्र का असेना. आणि नोकरी लावून देण्यासाठी पैसे घेता येत नाहीत. मरीटाईम लेबर कन्व्हेन्शन २००६ म्हणून आंतरराष्ट्रीय करार आहे, भारताने तो २०१५ मधे स्वीकारला, त्यात स्पष्ट लिहिलंय की खलाशाने फक्त मेडिकल, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च करायचा, व्हिसाचा खर्च कंपनीचा. आम्हाला एकाने "कपल पॅकेज" सांगितलं होतं, दोघांना एकाच बोटीवर टाकायचे वेगळे पैसे. असलं काही नसतं. कुठल्या बोटीवर कोण जाणार हे कंपनीचं शेड्युलिंग ठरवतं, मडगावच्या टेबलामागे बसलेला माणूस नाही. असं कोणी बोललं की चहा पिऊन उठायचं.

इंटरव्ह्यूला काय बोलायचं

दोघांनी एकाच कंपनीत, एकाच एजन्सीतून, पण वेगवेगळ्या डिपार्टमेंटला अर्ज करा. एकाच डिपार्टमेंटमधे एक जण वरच्या पोस्टवर असला की कंपनीला ते नको असतं, बायकोची ड्युटी नवऱ्याने लावायची आणि नवऱ्याचं अप्रेझल बायकोने करायचं हे कुठे चालतं. गॅली आणि हाउसकीपिंग, रेस्टॉरंट आणि रिसेप्शन, अशा जोड्या बऱ्या. इंग्रजीची ऑनलाइन टेस्ट बऱ्याच कंपन्या घेतात, मार्लिन्स म्हणून एक आहे, त्याचे नमुने बघून जा. आपली पोरं इंग्रजी बोलतात चांगलं पण फोनवर फिलिपिनो सुपरवायझरचं किंवा स्कॉटिश पाहुण्याचं ऐकून समजणं वेगळं, त्याची सवय लावा.

"आम्हाला एकत्र पाठवणार असाल तरच येऊ" असं पहिल्याच इंटरव्ह्यूला म्हणू नका. लग्न झालंय हे सांगा, फॉर्ममधे लिहा, लपवू नका, पण अट घालू नका. पहिल्या काँट्रॅक्टला बहुतेक वेगळ्याच बोटी मिळतात. एकदा काँट्रॅक्ट पूर्ण झालं, अप्रेझल चांगलं आलं, की मग एकत्र बोटीसाठी रिक्वेस्ट टाकायची आणि तिला वजन येतं. हे पटत नसेल, सहा-नऊ महिने लांब राहायला जमणारच नसेल, तर हा नाद आत्ताच सोडलेला बरा असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आणि दोघांनी एकाच दिवशी इथल्या नोकऱ्या सोडू नका. ज्याचं जॉइनिंग लेटर आधी येईल त्याने आधी.

व्हिसा, लस आणि एक नाजूक विषय

अमेरिकेच्या बंदरांतून फिरणाऱ्या बोटीसाठी सी-वन-डी व्हिसा लागतो, गोव्याच्या लोकांचा इंटरव्ह्यू मुंबईत बीकेसीच्या कॉन्सुलेटला. कंपनीचं पत्र घेऊन जायचं, विचारतील तेवढंच सरळ बोलायचं. यलो फीवरची लस आयुष्यभर चालते, पण सर्टिफिकेट लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

नाजूक विषय म्हणजे मूल. जॉइनिंगआधीच्या मेडिकलला प्रेग्नन्सी टेस्ट होते, आणि वर असताना दिवस गेले तर बाईला उतरवतात, नवरा मात्र काँट्रॅक्ट संपेपर्यंत वरच. हे दोघांनी घरी बसून आधी बोलून घ्या, आणि सासूबाईंनाही सांगून टाका म्हणजे दर फोनला "काही गोड बातमी?" नको.

बॅग

क्रू केबिन म्हणजे आपल्याकडच्या बाथरूमपेक्षा थोडी मोठी. वर-खाली दोन बंक, प्रत्येकाला पडदा, एक टेबल, दोन अरुंद कपाटं, आणि एक शॉवर ज्याचा प्लॅस्टिकचा पडदा अंघोळ करताना पाठीला येऊन चिकटतो. खिडकी नसते, खालच्या डेकवर तर बाहेर पाणीच. कपल केबिन मिळाली तरी बंकच असतील असं धरून चाला, डबल बेडच्या आशेवर जाऊ नका.

भिंती लोखंडी असतात, हे फार कामाचं. लोहचुंबकाचे हुक डझनभर घेऊन जा, मडगावच्या मार्केटात स्वस्त मिळतात, त्यावर टॉवेल, टोप्या, चाव्या, ओले कपडे, घरच्यांचे फोटो, सगळं भिंतीवर जातं आणि जमीन मोकळी राहते. दाराला लटकवायचा कप्प्यांचा ऑर्गनायझर एक. काळे, न घसरणारे आणि पायाला सवय झालेले बूट दोन जोड, नवे कोरे बूट घालून पहिली ड्युटी करू नका. कानात घालायचे फोमचे बोळे विसरू नका कारण केबिन पुढच्या बाजूला असली तर पहाटे बंदराला लागताना थ्रस्टर, म्हणजे बोट आडवी सरकवणारे पंखे, सुरू होतात आणि बंक असा थरथरतो की झोप संपली.

इस्त्री, किटली, राइस कुकर, एक्स्टेंशन बोर्ड न्यायचं नाही, आगीचा धोका म्हणून जप्त करतात. उदबत्ती-निरांजनही नाही. बॅटरीची पणती चालते.

खाण्याचं म्हणाल तर क्रू मेसमधे भात असतोच, डाळ असते, भारतीय क्रू बराच असला की करीही बरी मिळते. आईने कितीही आग्रह केला तरी सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, नेऊ नका. मला त्याची किसमूर प्रचंड आवडते, पण एसी डक्टमधून तो वास पूर्ण कॉरिडॉरमधे फिरला की तुमचं नाव कायमचं पडतं, शिवाय बऱ्याच बंदरांत मांस-मासे घेऊन उतरणं-चढणं नियमात बसत नाही आणि केबिनमधे खाणं ठेवलं तर झुरळांसाठी केबिन तपासणीत पकडले जाता. लोणचंही कंपनी परवानगी देत असेल तरच, आणि सीलबंद.

वर चढल्यावर

पहिल्या दिवशी पासपोर्ट आणि सीडीसी क्रू ऑफिसला जमा होतं, घाबरू नका, तीच पद्धत आहे, फक्त फोटो काढून ठेवा. मग युनिफॉर्म, ओळखपत्र, आणि सेफ्टी ट्रेनिंग. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे जनरल इमर्जन्सी, हे पाठच हवं. तुम्हाला एक इमर्जन्सी नंबर आणि जागा मिळते आणि इथे जोडप्यांनी नीट ऐका, दोघांची जागा वेगळी असणार. ड्रिलमधे नवऱ्याला शोधत फिरायचं नाही, आपल्या स्टेशनला जायचं. खरंच काही झालं तरी तेच. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा पोटात गोळा येतो, मग पाहुण्यांना लाइफजॅकेट बांधून देता देता सवय होते.

बोटीत खालून पुढून मागेपर्यंत क्रूचा एक लांब कॉरिडॉर असतो, अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर त्याला आय-नाइंटीफाइव्ह म्हणतात, तिकडच्या हायवेवरून. हरवलात की आधी तिथे या, तिथून सगळीकडे जाता येतं.

मळमळत असेल तर सुकं बिस्किट, हिरवं सफरचंद, आलं, आणि शक्य झालं तर ओपन डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत उभं राहायचं. रिकाम्या पोटी राहू नका. बोटीच्या मधे आणि खाली हलणं कमी जाणवतं, त्यामुळे खालची केबिन मिळाली म्हणून रडू नका.

फोनचं घड्याळ ऑटोवर ठेवू नका. बोटीचा टाइम कॅप्टन ठरवतो, बंदराजवळ आलं की फोन तिथल्या टॉवरचा टाइम पकडतो आणि तुम्ही तासभर उशिरा ड्युटीवर. अमेरिकेकडून युरोपकडे जाताना तर रात्री-रात्री एकेक तास पुढे जातो, म्हणजे झोपेतला जातो. साधं घड्याळ न्या.

स्वच्छतेचं ऐकून घ्या. अमेरिकन बंदरांना जाणाऱ्या बोटींची तिकडच्या आरोग्य खात्याची तपासणी होते, क्रू तिला यूएसपीएच म्हणतो, १०० पैकी ८६ च्या खाली मार्क आले की नापास. गॅलीत थंड पदार्थ ५ डिग्री किंवा कमी, गरम ५७ किंवा जास्त, सगळं थर्मामीटर लावून लिहायचं. नवरा घरी आल्यावर फ्रिजमधल्या सोलकढीचं टेंपरेचर विचारतो इतकं ते अंगात भिनतं. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांची साथ, आली तर सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाण्याने वीस सेकंद हात धुवायचे, आणि माझ्या डिपार्टमेंटची तेव्हा वाट लागते, प्रत्येक रेलिंग, प्रत्येक दाराची मूठ.

दोघांना वेळ कसा काढायचा

नियमाने २४ तासांत किमान १० तास विश्रांती आणि आठवड्यात किमान ७७ तास, त्यातही एक तुकडा सलग सहा तासांचा तरी हवाच. म्हणजे काम भरपूर आहे, आठवड्याची सुट्टी नावाचा प्रकार नसतो, आणि तुमचे दहा तास नवऱ्याच्या दहा तासांशी जुळतील असंही नाही. तो ब्रेकफास्ट शिफ्टला पहाटे उठणार, तुम्ही संध्याकाळची टर्नडाउन सर्व्हिस, म्हणजे पाहुण्यांच्या केबिन रात्रीसाठी लावणं, करून रात्री येणार. काही आठवडे आमचं बोलणं आरशावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालतं, "मोजे वाळत घातलेत", "आईला फोन कर", एवढंच.

तेव्हा काय करायचं. पहिलं, आयपीएम, म्हणजे इन-पोर्ट मॅनिंग. बोट बंदरात असताना क्रूपैकी ठरावीक लोक वर थांबावेच लागतात, त्याचे ग्रुप असतात आणि ते फिरतात. दोघांचे ग्रुप वेगळे असले की तुम्ही बार्सिलोनात उतरणार तेव्हा तो वर, आणि तो उतरणार तेव्हा तुम्ही. चढल्या आठवड्यातच दोघांनी आपापल्या सुपरवायझरला सांगून ग्रुप एक करून घ्या. हट्टाने नाही, गोडीत. कोणाची तरी एखादी शिफ्ट आधी स्वतःहून घेतलेली असली की काम लवकर होतं. दुसरं, दिवसातलं एक जेवण एकत्र, मग ते रात्री साडेअकराला मेसमधे गार भात का असेना. तिसरं, विश्रांतीच्या तासांची नोंद खरी करा, सुपरवायझरच्या भीतीने कमी काम दाखवून सही करू नका, पुढे तक्रार करायची वेळ आली तर तोच कागद पुरावा असतो.

भांडण होणारच. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं आणि दुसऱ्या दिवशी मेसमधे पूर्ण टेबल तुमच्या तोंडाकडे बघतं. मराठीत किंवा कोकणीत भांडलं तरी उपयोग नाही, कारण कुठल्याही बोटीवर एक तरी गोंयकार निघतोच. आम्ही ठरवलंय की आवाज चढायला लागला की एकाने सरळ ओपन डेकवर जायचं. क्रू बारमधे जायचं नाही. दारूची लिमिट कडक असते, टेस्ट अचानक होते, आणि रागात प्यायलेल्या दोन बियरमधे नोकरी गेलेले लोक आहेत.

पैसे

पगार बहुतेक पे-कार्डावर येतो. घरी पाठवायचं एकानेच, दुसऱ्याचा साठवायचा, असं केलं तर हिशोब सोपा राहतो. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशातली कमाई ठेवायच्या खात्याचं, जाण्याआधी बँकेत विचारून ठेवा. टॅक्सला दिवस मोजले जातात, आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर साधारण एनआरआय धरतात, आणि नवरा-बायकोचे दिवस वेगवेगळे मोजतात, एक बसतो आणि दुसरा दोन दिवसांनी चुकतो असंही होतं. उतरायची तारीख मार्चच्या आसपास असेल तर आधी सीएला विचारा. आणि हो, आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत दोघांची अर्धी-अर्धी असते, तेव्हा "माझा पगार, तुझा पगार" हा वाद तसाही फुकट आहे. इंटरनेटवर मात्र दोघांनी वेगवेगळं पॅकेज घेऊ नका, एकाच्या पॅकेजवर लॉग-आउट करून दुसऱ्याने लावलं तर चालतं का ते आधी बघा.

चवथ

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, घरी असायचंच असेल तर काँट्रॅक्ट मिळतानाच महिने मोजा. काँट्रॅक्ट सहा ते नऊ महिन्यांचं, मधे दीड-दोन महिन्यांची सुट्टी, वेतन साधारण काँट्रॅक्टपुरतंच, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत चढलात तर चवथ बऱ्यापैकी हाताला लागते, मेमधे चढलात तर विसरा. वर असलात तर चुंबकाचा छोटा गणपती, बॅटरीची पणती, आणि मेसमधल्या शेफला पटवून थोडी खीर. माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-फुलांच्या सजावटीचा, फोटो घरचे पाठवतात, तो झूम करून बघायचा.

उतरताना

साइन-ऑफच्या आधी दोघांच्या सीडीसीवर एंट्री आणि शिक्का झालाय का ते स्वतः बघा, तारखा चुकीच्या पडल्या तर इथे येऊन दुरुस्त करताना मुंबईच्या फेऱ्या होतात. अप्रेझलची कॉपी मागून घ्या. दोघांच्या उतरायच्या तारखांत आठ-दहा दिवसांचा फरक असेल तर क्रू ऑफिसला महिनाभर आधी सांगा, मागाहून उतरणाऱ्याला थोडं लवकर उतरवून किंवा लवकर उतरणाऱ्याला थोडं लांबवून कधीकधी एकत्र बसवतात. आणि पुढच्या वेळी एकत्र बोट हवी ही रिक्वेस्ट तोंडी नको, मेलवर टाका, लग्नाचा दाखला जोडून, दोघांचे क्रू नंबर एकाच मेलमधे लिहून, आणि घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एजन्सीला फोन करून ती मेल शेड्युलिंगपर्यंत पोचली का ते विचारा.